लेकरू, वजन आणि प्रोबायोटिकची पुडी: आईबापांचे नेहमीचे प्रश्न

मी आहारतज्ज्ञ आहे. मराठवाड्यातली कुपोषित लेकरं, त्यांच्या आया, आज्या आणि अंगणवाडीताई यांच्यात माझा दिवस जातो. गेल्या काही वर्षांत एक प्रश्न फार वाढलाय: "मॅडम, चांगल्या जंतूंची पावडर सुरू करू का?"

गेल्या चैत्रात एक आजी नातीला घेऊन आल्या. नात पावणेदोन वर्षांची, वजन सात किलोच्या जरा वर. दंडाला पट्टी लावली तर ११.२ सेंटीमीटर, म्हणजे लाल, तीव्र कुपोषणाचा रंग. आजींनी पिशवीतून रुमाल काढला, गाठ सोडली आणि माझ्यापुढे नऊ पुड्या ठेवल्या. "दहा होत्या. एक दिली. महाग हाय म्हणून पुरवून पुरवून देते." मी विचारलं, घरात शेंगदाणे आहेत का? "हायेत की, पायलीभर. पण लेकराला बाधतेत म्हणून देत न्हाई."

ही सगळी उत्तरं त्या रुमालाकडे बघत लिहिली आहेत.

प्रोबायोटिक म्हणजे नेमकं काय?

पुरेशा प्रमाणात पोटात गेले तर तब्येतीला फायदा करतात असे जिवंत सूक्ष्मजीव. जागतिक आरोग्य संघटना आणि अन्न व कृषी संघटना यांनी २००१ साली केलेल्या व्याख्येचा हा सार. त्यातले तीन शब्द नीट धरून ठेवा: जिवंत, पुरेसे, फायदा. जिवाणू मेलेले असतील, कमी असतील किंवा त्या वाणाचा फायदा कुणी तपासलेलाच नसेल, तर त्याला प्रोबायोटिक म्हणता येत नाही.

वाणाचं महत्त्व शेतकऱ्याला वेगळं सांगायला नको. ज्वारी सगळी ज्वारीच, पण मालदांडीचं काम दुसरी करत नाही. लॅक्टोबॅसिलस हे जिवाणूंच्या फक्त कुळाचं नाव झालं. त्यातला एक वाण एका आजारात उपयोगी ठरला म्हणून त्याच कुळातला दुसरा वाण दुसऱ्या आजारात चालेल, असं होत नाही. दुकानातल्या पुड्या मात्र बहुतेक वेळा नुसत्या कुळाच्या नावावर विकल्या जातात.

मग घरचं दही प्रोबायोटिक नाही का?

काटेकोर अर्थानं नाही. विरजणात कोणते जिवाणू आहेत आणि किती आहेत, ते घरोघरी आणि ऋतूगणिक बदलतं. पण यावरून दही कमी प्रतीचं ठरत नाही. दह्यात प्रथिनं आहेत, कॅल्शियम आहे आणि दुधातली साखर थोडी मोडलेली असल्यामुळे जुलाबातून उठलेल्या लेकराला ते दुधापेक्षा सोसतं. कुपोषित लेकराच्या बाबतीत मला त्यातल्या जिवाणूंपेक्षा त्यातल्या अन्नाचं मोल जास्त वाटतं.

लेकरू खातं, पण अंगी लागत नाही. आत काय बिघडलेलं असतं?

"अंगी लागत नाही" हे आपल्या आज्यांचं निदान बऱ्याच अंशी बरोबर आहे. लहान आतड्याच्या आतल्या बाजूला मखमलीवर असते तशी बारीक उभी लव असते. अन्नातला सत्त्वांश रक्तात घेण्याचं काम तीच करते. खराब पाणी, उघड्यावरची विष्ठा, अंगणात रांगताना तोंडात जाणारी माती, कोंबड्या-शेळ्यांची घाण यांतून रोगजंतू रोज थोडेथोडे पोटात जात राहिले, की ही लव झिजते, आखूड होते. आतड्याला कायमची सूज राहते. जुलाब दिसतीलच असं नाही. लेकरू वरून बरं दिसतं आणि आतून गळत असतं. सूज आवरण्यात शरीराची ताकद खर्च होते, भूकही मंदावते.

दुसरी गोष्ट जिवाणूंच्या वस्तीची. बाळ जन्मतं तेव्हापासून दोन-तीन वर्षांचं होईपर्यंत त्याच्या आतड्यातली ही वस्ती बदलत बदलत मोठ्या माणसासारखी होते. आधी अंगावरच्या दुधावर जगणारे जिवाणू, मग वरच्या अन्नावर जगणारे. अमेरिकेतले संशोधक डॉ. जेफ्री गॉर्डन आणि ढाक्याचे डॉ. तहमीद अहमद यांच्या गटानं २०१४ साली दाखवून दिलं, की तीव्र कुपोषित मुलांमध्ये ही वस्ती वयाच्या मानानं मागे राहते. लेकरू दीड वर्षाचं असतं, पण पोटातली वस्ती त्याहून लहान बाळाची असते. उपचारांनी वजन थोडं सुधारलं, तरी काही महिन्यांनी ती पुन्हा मागे पडलेलीच दिसली.

म्हणून जिवाणूंचा विषय थोतांड नाही. "हे सगळं कंपन्यांचं खूळ" म्हणून तो उडवून लावणाऱ्यांशी माझं पटत नाही.

मग चांगले जिवाणू बाहेरून दिले की वजन वाढेल ना?

इथेच घोटाळा होतो. हे मोठ्या प्रमाणावर करून बघितलेलं आहे.

मलावी या आफ्रिकी देशात ७९५ तीव्र कुपोषित मुलांवर झालेला अभ्यास २००९ साली प्रसिद्ध झाला. सगळ्यांना शेंगदाण्याचा उपचारात्मक आहार दिला. निम्म्यांच्या आहारात प्रोबायोटिक आणि त्या जिवाणूंचं खाद्य असं मिश्रण घातलं. ज्यांना ते मिळालं त्यांच्यातली ५३.९ टक्के मुलं पोषणाच्या दृष्टीनं बरी झाली आणि ज्यांना नाही मिळालं त्यांच्यातली ५१.३ टक्के. एवढ्याशा फरकाला फरक म्हणत नाहीत. पुढे युगांडात ४०० तीव्र कुपोषित मुलांना दोन नावाजलेले वाण दिले. रुग्णालयात असतानाचे जुलाब कमी झाले नाहीत. घरी सोडल्यानंतरच्या काळात मात्र जुलाबाचे दिवस सरासरी दोनेक दिवसांनी घटले. तेवढा फायदा खरा, पण लेकरू उभं करण्याइतका नाही.

असं का होतं, ते हिशोबानं बघू. आजींच्या त्या नातीनं रोज किलोमागे १० ग्रॅम वजन धरलं, तर आम्ही उत्तम वाढ म्हणतो. सात किलोला ७० ग्रॅम रोज. हे अंग धरायच्या काळात लेकराला किलोमागे दिवसाला साधारण १५० ते २२० कॅलरी लागतात, म्हणजे सात किलोच्या लेकराला हजार ते दीड हजार. पुडीतल्या एक ग्रॅम भुकटीत कॅलरी किती? फार तर चार. जिवाणू मांस बनवत नाहीत. मांस अन्नातून बनतं आणि त्याला प्रथिनं, स्निग्धांश, पोटॅशियम, मॅग्नेशियम, झिंक असं सगळं लागतं.

वाफसा नसलेल्या रानात कितीही भारी बियाणं टाकलं तरी ते उगवत नाही. उपाशी, सुजलेल्या आतड्यात बाहेरचे जिवाणू टिकतच नाहीत, कारण त्यांनी खावं असं तिथे काही नसतं.

ओडिशात नवजात बाळांना प्रोबायोटिक देऊन जीव वाचले असं ऐकलं. ते खरं?

खरं आहे आणि आपल्या देशानं अभिमान बाळगावा असं काम आहे. डॉ. पिनाकी पाणिग्रही आणि सहकाऱ्यांनी ओडिशातल्या खेड्यांत ४,५५६ नवजात बाळांवर ते केलं. २०१७ साली निष्कर्ष आले. लॅक्टोबॅसिलस प्लँटारमचा एक विशिष्ट वाण आणि त्याचं खाद्य म्हणून एक प्रकारची साखर, फक्त सात दिवस. जंतुदोष किंवा मृत्यू यांचं प्रमाण ९ टक्क्यांवरून ५.४ टक्क्यांवर आलं.

पण तो अभ्यास नीट वाचा. बाळं नुकती जन्मलेली होती, दोन किलो किंवा त्याहून जास्त वजनाची होती, अंगावरचं दूध पीत होती. हेतू जंतुदोष टाळण्याचा होता, कुपोषित लेकराचं वजन वाढवण्याचा नव्हता. आणि तो विशिष्ट वाण म्हणजे मेडिकलच्या काउंटरवर हाताला लागेल ती पुडी नव्हे. बातम्या फिरल्या तेव्हा एवढं सगळं गळून गेलं आणि "प्रोबायोटिकनं बाळं वाचतात" इतकंच उरलं.

बांगलादेशात काय निघालं? त्याची फार चर्चा असते.

या प्रश्नाला मला सगळ्यात जास्त वेळ द्यायचा आहे.

गॉर्डन आणि अहमद यांच्या गटानं प्रश्न उलटा केला. बाहेरून जिवाणू घालण्याऐवजी लेकराच्या पोटात आधीच असलेल्या, पण दबून राहिलेल्या चांगल्या जिवाणूंना काय खायला दिलं तर ते वाढतील? अनेक अन्नपदार्थ तपासून त्यांनी एक मिश्रण निवडलं. मग ढाक्यातल्या मीरपूर वस्तीत १२ ते १८ महिन्यांच्या मध्यम कुपोषित मुलांना ते तीन महिने दिलं. तुलनेसाठी बाकीच्या मुलांना नेहमीचा पूरक आहार दिला, ज्यात कॅलरी जास्त होत्या. २०२१ साली निकाल आला: कॅलरी कमी असूनही नव्या मिश्रणावरची मुलं वजनात जास्त सरस वाढली. रक्तातल्या वाढीशी संबंधित प्रथिनांतही फरक दिसला. अभ्यास छोटा होता, ११८ मुलांनी तो पूर्ण केला. तरी त्यानं जगभरातल्या डॉक्टरांचं लक्ष वेधलं.

आता त्या मिश्रणात काय होतं ते ऐका. हरभऱ्याचं पीठ, शेंगदाण्याचं पीठ, सोयाबीनचं पीठ आणि कच्ची केळी. शिवाय तेल, साखर, जीवनसत्त्वं आणि खनिजं.

मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा कितीतरी वेळ कागद हातात धरून बसले होते. सोयाबीन लातुरात. हरभरा सगळीकडे. शेंगा आपल्या घरात पोत्यानं. केळी नांदेडच्या अर्धापुरात. जे शोधायला जगातल्या मोठमोठ्या प्रयोगशाळा लागल्या, ते आपण ट्रॅक्टरनं मोंढ्यावर नेऊन विकतो आणि लेकरासाठी दहा रुपयांचा बिस्किटांचा पुडा घेऊन येतो.

मग तेच मिश्रण घरी करून देऊ का?

तंतोतंत तसं घरी होणार नाही. त्यातली जीवनसत्त्वं-खनिजं मोजून घातलेली असतात. आणि सोयाबीन नीट भाजल्या-शिजवल्याशिवाय लेकराला देऊच नये, कच्चं सोयाबीन पचनात अडथळा आणतं. पण त्यातला विचार घरी नक्की आणता येतो.

शेंगदाणे मंद आचेवर भाजा, टरफलं काढा, अगदी बारीक कूट करा. अख्खा शेंगदाणा पाच वर्षांच्या आतल्या लेकराला देऊ नका, श्वासनलिकेत अडकतो. बुरशी आलेला, काळपट, कडू दाणा निवडून फेका, त्यातलं विष यकृताला घातक असतं. शंभर ग्रॅम दाण्यात साडेपाचशेच्या आसपास कॅलरी आणि २५ ग्रॅमच्या जवळ प्रथिनं असतात. वरणभातात, ज्वारीच्या भाकरीच्या काल्यात, उपम्यात दर वेळी एक मोठा चमचा कूट आणि एक छोटा चमचा तेल किंवा तूप. नुसत्या वरणाच्या पाण्यानं पोट भरतं, अंग भरत नाही.

फुटाण्याच्या डाळीचं पीठ आणि गव्हाचं सातू आपल्याकडे होतंच. त्यात कूट मिसळलं की चांगलं जमतं. पहिल्यांदा शेंगदाणा देताना अगदी थोडा द्या आणि अंगावर गांधी, ओठांना सूज, उलटी असं काही होतं का ते बघा. बहुतेकांना काही होत नाही. "शेंगदाण्यानं खोकला होतो, पित्त होतं, लेकराला बाधतं" ही भीती मात्र घराघरात आहे आणि तिच्यापायी कितीतरी लेकरं पायलीभर शेंगा घरात असून वाळतात.

एक सावधगिरी. लेकरू तीव्र कुपोषित असेल, म्हणजे पट्टी लाल दाखवत असेल किंवा पायांवर सूज असेल, तर घरी एकदम कोंबून खाऊ घालू नका. उपाशी शरीराला अन्नाचा अचानक भार सोसत नाही, जिवावर बेतू शकतं. अशा लेकरांना भरती करून उपचार देणाऱ्या पोषण पुनर्वसन केंद्रात सुरुवातीला एफ-७५ नावाचं सौम्य दूध थोडंथोडं देतात, ज्यात १०० मिलिलिटरला ७५ कॅलरी असतात. भूक परत आली, सूज उतरू लागली, की मग १०० कॅलरीचं एफ-१००. हा क्रम घाईनं मोडायचा नसतो.

अगदी लहान, दूधपित्या कुपोषित बाळाला प्रोबायोटिक उपयोगी पडतं का?

याबाबतीत थोडी आशा दिसते. अंगावरच्या दुधात काही खास साखरा असतात ज्या बाळाला स्वतःला पचतच नाहीत. आईचं शरीर त्या बाळाच्या पोटातल्या बायफिडोबॅक्टेरियम इन्फँटिस या जिवाणूंसाठी बनवतं. तीव्र कुपोषित बाळांमध्ये हा जिवाणू जवळपास नाहीसा झालेला असतो. बांगलादेशात दोन ते सहा महिन्यांच्या साठेक तीव्र कुपोषित बाळांना तो बाहेरून दिल्यावर वजन वाढायला मदत झाली, असं २०२२ साली प्रसिद्ध झालं. अभ्यास छोटा, रुग्णालयातल्या देखरेखीत झालेला. घरी करून बघण्याची ही गोष्ट नाही.

घरी करण्यासारखं एकच, पण ते फार मोठं: सहा महिने निव्वळ अंगावरचं दूध. मध नको, घुटी नको, पाणीसुद्धा नको. उन्हाळ्यात "बाळाचा घसा सुकतो" म्हणून चमचाभर पाणी देतात, त्याच चमच्यातून रोगजंतू जातात. दूध कमी पडतंय असं वाटलं तर आधी आईच्या ताटात बघा. मजुरीवरून आलेली, सगळ्यांत शेवटी जेवणारी बाई दूध कुठून आणेल?

जुलाब लागल्यावर डॉक्टर प्रोबायोटिक लिहून देतात. द्यावं का?

लिहून दिलं असेल तर सहसा नुकसान नाही. पण त्यावर विसंबू नका. साध्या जुलाबात प्रोबायोटिकनं फायदा होतो असं बरीच वर्षं मानलं जायचं. २०१८ साली अमेरिका आणि कॅनडातले दोन मोठे अभ्यास आले आणि दोन्हींत फरक पडला नाही. कोलकात्याच्या वस्तीत १ ते ५ वर्षांच्या पावणेचार हजार मुलांना जिवाणूयुक्त पेय रोज तीन महिने दिलं, तेव्हा जुलाब १४ टक्क्यांनी घटले. म्हणजे रोज न चुकता विकत घेतलेल्या बाटलीवर एवढं मिळतं.

जुलाबात जीव वाचवतं ते ओआरएस. सोबत झिंक १४ दिवस: सहा महिन्यांवरच्या लेकराला रोज २० मिलिग्रॅम, दोन ते सहा महिन्यांच्या बाळाला १०. जुलाब तिसऱ्या दिवशी थांबले तरी झिंक चौदा दिवस पूर्ण करायचं. ते अंगणवाडीत, आशाताईंकडे, आरोग्य केंद्रात फुकट मिळतं. आणि खाणं बंद करायचं नाही. "पोटाला विसावा" देण्याच्या नावाखाली दोन-दोन दिवस नुसतं तांदळाचं पाणी पाजलेली लेकरं मी बघते, तेव्हा जिवाला लागतं.

लेकरू तीव्र कुपोषित असून जुलाब लागले, तर सरळ रुग्णालय गाठा. अशा लेकराला सलाइन आणि ओआरएससुद्धा बेतानं द्यावं लागतं. वाटेत घोट-घोट पाजत चला.

अँटिबायोटिकनं चांगले जंतू मरतात म्हणे. मग ते टाळावं का?

साध्या सर्दीला, पाण्यासारख्या जुलाबाला अँटिबायोटिक नको, हे बरोबर. पण तीव्र कुपोषित लेकराला डॉक्टरांनी दिलेलं अँटिबायोटिक "चांगले जंतू मरतील" म्हणून थांबवू नका. या लेकरांची प्रतिकारशक्ती इतकी खचलेली असते की आत जंतुदोष असूनही ताप चढत नाही. मलावीतच २,७०० हून अधिक तीव्र कुपोषित मुलांवर झालेल्या आणि २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, नुसत्या आहारावर असलेल्यांपैकी ७.४ टक्के मुलं दगावली आणि आहारासोबत अमॉक्सिसिलिन हे अँटिबायोटिक मिळालेल्यांपैकी ४.८ टक्के. शंभरात अडीच लेकरांचा जीव हा किती मोठा आकडा आहे!

अँटिबायोटिकमुळे लागणारे जुलाब टाळायला काही ठरावीक प्रोबायोटिक वाणांचा उपयोग होतो, हे बऱ्यापैकी सिद्ध झालंय. तेवढ्यासाठी डॉक्टरांनी दिलं तर द्या.

प्रोबायोटिकचा धोका असतो का?

धडधाकट लेकराला क्वचित. पण अपुऱ्या दिवसांच्या बाळाला, फार खचलेल्या लेकराला किंवा मोठ्या शिरेत नळी घातलेल्या रुग्णाला हेच जिवाणू रक्तात जाऊन जंतुदोष करू शकतात. अपुऱ्या दिवसांच्या बाळांबाबत अमेरिकेच्या औषध नियामकानं २०२३ साली जाहीर इशारा दिला होता. म्हणजे ज्या लेकराला आपण काळजीपोटी आधी पुडी देऊ, त्यालाच धोका जास्त. स्वतःच्या मनानं नको.

पुडी दिलीच असेल तर ठेवायची कशी?

वेष्टनावर लिहिलंय तशी. बऱ्याच वाणांना गारवा लागतो. मे महिन्यात पत्र्याच्या घरात फळीवर ठेवलेल्या पुडीतले जिवाणू किती जिवंत राहतील? गरम दुधात कालवू नका, कोमट किंवा गार चालेल. बीजाणूरूपातले, म्हणजे टणक कवचात निजलेले बॅसिलस जिवाणू उष्णता सोसतात, पण लॅक्टोबॅसिलस सोसत नाहीत.

बाटलीतली गोड प्रोबायोटिक पेयं?

साखर बरीच असते, घोट-दोन घोटांत भूक मरते. कुपोषित लेकरासाठी नको.

दही, ताक, आंबील कधीपासून?

वरचं अन्न सहा महिन्यांनंतर सुरू झालं की ताजं, गोडसर दही चमचा-चमचा द्यायला हरकत नाही. दूध उकळूनच विरजलेलं असावं. वर्षाच्या आत मीठ-साखर घालू नका.

ताकाबद्दल मी जरा कडक आहे. ताक म्हणजे लोणी काढून पाणी वाढवलेलं दही. आपल्याला उन्हाळ्यात ते अमृत, पण लेकराचं पोट इवलंसं, मुठीएवढं. ते पाण्यानं भरलं की अन्नाला जागा उरत नाही. वाटीभर ताकाऐवजी वाटीभर दही, हा साधा बदल.

आंबील त्याहून बरं, कारण त्यात ज्वारीचं पीठ असतं. लातूर-धाराशिवकडे येळवसीला (वेळ अमावस्येला) डेऱ्यातून शेतात नेतात ते आंबील आंबलेलं असतं आणि आंबवल्यानं धान्यातलं लोह, झिंक शरीराला जास्त सापडतं. आंबवून नंतर उकळलं तर जिवाणू मरतात, पण हा फायदा राहतो. लेकरासाठी दाटसर करा आणि वर कूट घाला. मिरची-लसणाचा ठेचा मोठ्यांच्या वाटीत.

आमच्याकडे पाणीच आठ दिवसांनी येतं. स्वच्छता कशी पाळायची?

२०१६ च्या उन्हाळ्यात लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं होतं. त्या भागात बसून "वारंवार हात धुवा" असं सांगायला माझी जीभ रेटत नाही. म्हणून फक्त दोन वेळा सांगते: लेकराला भरवण्याआधी आणि शी धुतल्यावर. तांब्याभर पाणी आणि साबण, तेवढ्यात होतं. पिण्याचं पाणी लेकरापुरतं उकळा, सगळ्या घराचं उकळायला सरपण नसतं हे मला ठाऊक आहे. लेकराची शी उकिरड्यावर टाकू नका, संडासात टाका. रांगणाऱ्या लेकराला कोंबड्यांपासून दूर, धुतलेल्या पटकुरावर ठेवा. आतड्याची ती लव वाचवायला याची मदत होते.

आम्ही ऊसतोडीला जातो. सहा महिने गाव सुटतं. तेव्हा काय?

दिवाळीच्या आसपास टोळी निघते, ती पाडव्याला परत. चैत्रात पट्टी लावायला बसलो की कळतं, त्या सहा महिन्यांत काय झालं. आई पहाटे फडात, लेकरू पाचटावर किंवा कोपीत, सांभाळायला आठ वर्षांची बहीण. सकाळी केलेली भाकरी दुपारी वाळते, लेकराला चावत नाही.

निघण्याआधी अंगणवाडीताईंना सांगा, कोणत्या तालुक्यात, कोणत्या कारखान्याकडे चाललात. पोषण ट्रॅकर या अंगणवाडीच्या सरकारी ॲपवर लेकराची नोंद असते, तिथल्या अंगणवाडीत ती पुढे चालू करून घेता येते. माता-बाल संरक्षण कार्ड ट्रंकेच्या तळाशी नको, वरच्या पिशवीत ठेवा. तिथे गेल्यावर जवळच्या अंगणवाडीत स्वतः जाऊन उभं राहा. "आम्ही इथले न्हाई" म्हणून परत फिरू नका, लेकराच्या आहाराचा हक्क गाव बदलल्यानं जात नाही.

सोबत पाच-सात किलो सातू न्या: गहू, फुटाण्याची डाळ, शेंगदाणे भाजून. गहू आणि डाळ दळून आणा, कूट मात्र आठ-दहा दिवसांपुरतंच करा, तेल सुटून खवट होतं. थोरल्या लेकीला शिकवून ठेवा: चार चमचे पीठ, उकळून गार केलेलं पाणी, एक चमचा तेल, चिमूटभर गूळ. चूल पेटवावी लागत नाही. दिवसातून तीनदा तेवढं जरी पोटात गेलं तरी चैत्रातली पट्टी वेगळी दिसते.

घरी कसं ओळखायचं, लेकरू धोक्यात आहे का?

सहा महिने ते पाच वर्षांच्या लेकराच्या डाव्या दंडाचा मध्य मोजतात. ११.५ सेंटीमीटरपेक्षा कमी म्हणजे तीव्र कुपोषण, ११.५ ते १२.५ च्या आत म्हणजे मध्यम. पट्टी अंगणवाडीत असते, आईनं स्वतः लावायला शिकावी, अवघड नाही. दुसरी खूण पायांची. दोन्ही पावलांवर अंगठा तीन सेकंद दाबून उचला, खळगा तसाच राहिला तर ती सूज. अशा सुजेनं लेकरू गुबगुबीत दिसतं, वजनही बरं भरतं आणि घरचे म्हणतात, "बाळसं धरलंय." ते बाळसं नव्हे.

भूक पार गेली, अंग गार पडलं, लेकरू मलूल झालं, उलटी थांबेना, श्वास जोरात चालू लागला, तर वाट बघू नका. १०८ ला फोन करा.

त्या आजींच्या नातीचं पुढे काय झालं?

पायांना सूज नव्हती, भूक होती. तरी वय आणि वजन बघून डॉक्टरांनी पोषण पुनर्वसन केंद्रात चौदा दिवस ठेवून घेतलं. पहिले तीन दिवस वजनाचा काटा हलला नाही आणि आजींनी दोनदा विचारलं, पुडी देऊ का. चौथ्या दिवसापासून काटा सरकू लागला. घरी जाताना मी त्यांच्या हातून एकदा कूट करून घेतलं, बारीक झालं की नाही ते चिमटीत धरून बघितलं. आषाढात नात परत आली तेव्हा पट्टी पिवळ्यात होती, १२.१. रुमाल आजींच्या कमरेला होता. त्यात गुळाचा खडा आणि कुटाची पुरचुंडी होती, वाटेत लेकराला भूक लागली तर म्हणून.